जुन्या पिकअप ट्रकचा स्टार्टर : वाटेत हरवणाऱ्या व्होल्टांचा शोध

मोटारीच्या इंजिनाला आपली पहिली फेरी आपणहून मारता येत नाही. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जावे, ते दाबले जावे आणि त्यावर ठिणगी पडावी, एवढे घडून आल्यावरच इंजिन शक्ती देऊ लागते. तोपर्यंत ते दुसऱ्या कोणी तरी फिरवावे लागते. मोटारींच्या आरंभीच्या काळात हे काम माणूस पुढच्या बाजूने दांडा घालून करीत असे. ठिणगी वेळेआधी पडली तर दांडा उलट फिरे आणि मनगट मोडे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने या कामाला विजेची मोटर जुंपली आणि 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर ती प्रथम बसविण्यात आली. केटरिंगने त्यापूर्वी दुकानातील रोकड-नोंदणी यंत्राचा खण उघडण्यासाठी एक छोटी मोटर तयार केली होती. जी मोटर सतत चालवली तर जळून जाईल, तिच्याकडून काही क्षणांपुरते तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक काम निर्धास्तपणे घेता येते, ही गोष्ट त्या अनुभवावरून त्याला चांगली ठाऊक होती. आजचा स्टार्टरही याच तत्त्वावर चालतो. आपल्याकडील गॅरेजांत त्याला नुसते 'सेल्फ' म्हणतात. 'सेल्फ-स्टार्टर' या जुन्या नावाचा मागचा भाग गळून पुढचा तेवढा उरला आहे.

किल्ली फिरवूनही इंजिन फिरले नाही, तर बहुतेकांचा पहिला संशय या स्टार्टरवर किंवा बॅटरीवर जातो. दोन्ही वस्तू महाग. त्या बदलल्या जातात आणि अनेकदा दोष जागच्या जागी राहतो. कारण जुन्या गाडीत तो पुष्कळदा या दोहोंच्या मधल्या वाटेवर असतो. ही वाट नीट समजली, तर साध्या व्होल्टमीटरने दोषाची जागा वीतभर अंतरापर्यंत निश्चित करता येते. उदाहरणादाखल येथे फोर्ड कंपनीचा एफ-100 हा पिकअप ट्रक घेतला आहे. 1953 ते 1983 या काळात अमेरिकेत तो बनत होता. त्यातील 1960 व 1970 च्या दशकांतील गाड्यांची तारजोडणी मोकळी, हाताला सहज लागणारी आहे. त्यामुळे शिकणाऱ्याला तिच्यावरून पुष्कळ काही समजून घेता येते.

या ट्रकमध्ये बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड केबल प्रथम मडगार्डाच्या आतील पत्र्यावर बसवलेल्या रिलेकडे जाते. रिलेला दोन जाड पेचटोके असतात. बॅटरीची केबल एकाला जोडलेली असते; दुसऱ्यापासून निघालेली तशीच जाड केबल खाली स्टार्टरकडे जाते. स्टार्टरमधून बाहेर पडलेला प्रवाह त्याच्या लोखंडी अंगातून इंजिनाच्या ठोकळ्यात शिरतो आणि तेथून ऋण केबलने बॅटरीकडे परततो. हा झाला मोठा मार्ग. किल्लीचा मार्ग निराळा आहे. किल्ली 'स्टार्ट'वर फिरवली की एक बारीक तार रिलेच्या 'एस' अक्षराच्या टोकाला थोडासा प्रवाह पोहोचवते. त्यामुळे आतील वेटोळे चुंबक बनते, तांब्याची एक चकती ओढली जाते आणि ती दोन जाड टोके एकमेकांना जोडते. पाटाचे अवजड दार एका माणसाने हलकी कळ फिरवून उघडावे, तसा हा प्रकार आहे. किल्लीतून काही अँपिअर प्रवाह जातो. दार उघडल्यावर मोठ्या मार्गाने मात्र दीडशे ते दोनशे अँपिअर धावतात.

सगळी गोम या दोनशे अँपिअरांत आहे. तारेत किंवा सांध्यात जेवढा रोध असेल, तेवढा दाब तेथे खर्ची पडतो; प्रवाहाला रोधाने गुणले की हा खर्च व्होल्टमध्ये मिळतो. 25 चौरस मिलिमीटर छेदाची दीड मीटर लांबीची तांब्याची चांगली केबल घेतली, तर तिचा रोध एका ओहमचा सुमारे हजारावा भाग असतो. दोनशे अँपिअर तिच्यातून गेले तरी 0.2 व्होल्ट एवढाच दाब घटतो. पण केबलच्या टोकावर गंज चढून त्या सांध्याचा रोध 0.01 ओहम झाला, तर तेवढ्याच प्रवाहाला तेथे 2 व्होल्ट खर्चावे लागतील आणि सांध्यात 400 वॉट उष्णता निर्माण होईल. इस्त्रीसारखा तापलेला सांधा हाताला तत्काळ कळतो. म्हणून जुने फिटर चार-पाच सेकंद सेल्फ मारून लगेच एकेक सांधा बोटाने चाचपून पाहतात. ही परीक्षा अडाणी वाटली तरी शास्त्राला धरून आहे. फक्त बोट भाजू नये याची काळजी घ्यावी.

गंजलेल्या सांध्याची फसवणूक अशी की, प्रवाह वाहत नसताना तो निर्दोष दिसतो. समजा, सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आहे. पाव अँपिअर घेणारा तपासणीचा दिवा त्याच्या पलीकडे लावला, तर वाटेत जेमतेम 0.125 व्होल्ट जातील आणि दिवा लख्ख पेटेल. 'येथपर्यंत वीज येते आहे' असे पाहणारा खात्रीने सांगेल. त्याच सांध्यातून स्टार्टरने प्रवाह मागितला, तर साडेबारा व्होल्टांची बॅटरी फार तर पंचवीस अँपिअर देऊ शकेल. तेवढ्याने स्टार्टर हलणार देखील नाही. तोटी बंद असलेल्या नळात पाण्याचा दाब पुरेपूर भासतो. नळी आत किती बुजली आहे हे तोटी उघडल्यावरच समजते. ओहममीटरचाही येथे उपयोग नाही, कारण शंभरांश ओहम दाखवण्याची साध्या मीटरची ताकद नसते. त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याहून अधिक भरतो. स्टार्टरचा मार्ग तपासायचा तो स्टार्टर प्रवाह घेत असतानाच. पुढील सर्व पद्धती या एका गोष्टीवर उभारलेली आहे.

मीटर हाती घेण्याआधी कानांनी व डोळ्यांनी पुष्कळ काही समजते. किल्ली फिरवल्यावर अगदीच शांतता असेल, तर रिलेचे दार उघडलेच नाही. दोष बहुधा किल्लीच्या मार्गात आहे. एकच ठसठशीत 'टक्' आवाज आला आणि पुढे काही झाले नाही, तर रिले ओढला गेला, पण मोठा मार्ग कोठे तरी अडला आहे किंवा स्टार्टर जाम झाला आहे. टकटकटक असा भरभर आवाज येत राहिला, तर बॅटरी उतरलेली असण्याचा अथवा तिच्या टोकाशी सांधा ढिला असण्याचा संभव अधिक. रिले ओढला जातो, स्टार्टर प्रवाह घेतो, त्यासरशी दाब कोसळतो, वेटोळ्याची पकड सुटते, प्रवाह थांबतो, दाब पुन्हा चढतो आणि रिले पुन्हा ओढला जातो. विजेच्या घंटेतही असेच घडते. स्टार्टर नुसता घूं घूं फिरला व इंजिन जागचे हलले नाही, तर दोष विजेचा नव्हेच; स्टार्टरचे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकत नाही.

पुढचे दिवे हे या तपासणीतील फुकटचे साक्षीदार. दिवे लावून किल्ली फिरवावी. ते मुळीच मंदावले नाहीत, तर बॅटरीतून मोठा प्रवाह निघालेलाच नाही. ते अगदी पिवळे पडले, तर प्रवाह निघाला आहे, परंतु बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर जाम आहे. ते एकदम विझले, तर बॅटरीच्या टोकावरील पकड पाहावी. मात्र साक्षीदार कोठे उभा आहे हे विसरू नये. या फोर्ड ट्रकमध्ये दिव्यांसह गाडीच्या इतर विजेची तार रिलेच्या बॅटरीकडील पेचटोकावरून घेतलेली असते. म्हणजे बॅटरीपासून रिलेपर्यंतच्या केबलविषयी दिवे सांगू शकतात. रिलेच्या पलीकडे काय घडते हे त्यांना दिसत नाही.

जाम झालेला स्टार्टर एवढा प्रवाह का ओढतो, हे सांगणे जरूर आहे. फिरणारी प्रत्येक मोटर त्याच वेळी थोडी जनित्रासारखीही वागते आणि बॅटरीच्या दाबाविरुद्ध स्वतःचा दाब उत्पन्न करते. वेग जितका अधिक तितका हा विरोध अधिक व प्रवाह कमी. मोटर थांबवून धरली की विरोध नाहीसा होतो आणि प्रवाह अनेक पटींनी चढतो. त्यामुळे न फिरणाऱ्या स्टार्टरला प्रवाह देत राहणे म्हणजे त्याचे वेटोळे जाळणे होय. चालू स्थितीतही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये व मध्ये दोन-एक मिनिटे विश्रांती द्यावी.

आता प्रत्यक्ष मापन. गाडी न्यूट्रलमध्ये घालावी, हातब्रेक ओढावा आणि चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत. ही औपचारिकता नव्हे. हाती गिअर बदलावयाच्या त्या काळच्या अनेक ट्रकांत क्लच न दाबताही सेल्फ लागतो, आणि गिअरमध्ये राहिलेला ट्रक तेवढ्या धक्क्याने पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जातो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत हे टाळण्यासाठी एक सुरक्षा-स्विच किल्लीच्या मार्गात घातलेला असतो. परंतु रिलेच्या दोन टोकांवर पेचकस आडवा ठेवून सेल्फ मारण्याची जी सवय पुष्कळांना असते, तिच्यामुळे हा स्विचही निरुपयोगी होतो. शिवाय तेथे उडणारी ठिणगी बॅटरीपासून हातभर अंतरावर असते. आणि भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो. इंजिन मध्येच सुरू होऊ नये म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणातील मधली जाड तार काढून ती इंजिनाच्या लोखंडाला जोडून ठेवावी.

प्रथम बॅटरीचाच दाब घ्यावा. सहा घटांची पूर्ण भारित बॅटरी स्वस्थ असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 दाखवली तर ती निम्मी उतरलेली समजावी आणि आधी भारून घ्यावी. अशक्त बॅटरीवर पुढील आकडे घेणे व्यर्थ आहे. सेल्फ मारताना तिचा दाब साधारण हवामानात साडेनऊ व्होल्टांच्या खाली जाऊ नये.

मग मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी. पट्टीवर नव्हे, तर शिशाच्या खुद्द खुंटावर. दुसरी सुई स्टार्टरच्या पेचटोकाला लावावी. सेल्फ न मारता मीटर येथे बॅटरीचा सगळा दाब दाखवील. नवशिका घाबरतो, पण त्याचा अर्थ एवढाच की रिलेचे दार बंद आहे. आता सोबत्याने किल्ली फिरवावी. दार उघडताच मीटर खाली येतो आणि जे काही दाखवतो, तेवढा दाब धन बाजूच्या वाटेत हरवतो आहे असे समजावे. सगळी धन बाजू मिळून अर्धा व्होल्ट जाणे क्षम्य. एकेका केबलला 0.2, रिलेच्या संपर्काला 0.3 आणि एकेका सांध्याला 0.1 व्होल्ट, असा कारागिरांचा सर्वसाधारण दंडक आहे. ऋण बाजूसाठी एक सुई स्टार्टरच्या लोखंडी अंगावर व दुसरी बॅटरीच्या ऋण खुंटावर ठेवून हीच कृती करावी.

समजा, सेल्फ मारताना बॅटरीचा दाब 10.6 व्होल्ट आहे, परंतु स्टार्टरला मिळतात 7.4. वाटेत 3.2 व्होल्ट गेले. सुई एकेक सांधा पुढे सरकवत नेली असता असे दिसले की, बॅटरी ते रिले 0.2, रिलेच्या दोन जाड टोकांमध्ये 2.6, रिले ते स्टार्टर 0.1 आणि परतीच्या वाटेवर 0.3 व्होल्ट. बेरीज बरोबर 3.2 भरते, आणि चोर कोण हे वेगळे सांगावयास नको. रिलेतील चकती ठिणग्यांनी जळून काळी पडली आहे. स्टार्टरच्या मानाने अल्प किमतीचा हा भाग बदलला की काम झाले. बेरीज मात्र नेहमी करून पाहावी. ती जुळली नाही, तर एखादा सांधा मोजावयाचा राहिला आहे. बहुतेक वेळा राहतो तो खुंट व पट्टी यांच्यामधला. त्या दोन पृष्ठभागांत शिशाच्या संयुगांचा पापुद्रा जमतो आणि बाहेरून घट्ट दिसणारी पट्टी आतून अर्धी विलग असते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, पृष्ठभाग घासून चकचकीत करून ती पुन्हा बसवावी. सोड्याचे पाणी घटांच्या भोकांत जाऊ देऊ नये. पट्ट्या काढताना ऋण बाजू आधी सोडावी व जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी अनर्थ होत नाही.

सर्व दाब स्टार्टरपर्यंत नीट पोहोचत असूनही तो रेंगाळत असेल, तरच स्टार्टर खोलावा. तेव्हाही प्रवाह मोजता आला तर उत्तम. प्रवाह कमी असल्यास झिजलेले कार्बन ब्रश. अधिक असल्यास झिजलेले बुश, वेटोळ्यातील दोष, नाहीतर इंजिनच जड झालेले.

किल्लीच्या मार्गाची तपासणी यापेक्षा सोपी. किल्ली 'स्टार्ट'वर असताना 'एस' टोकाला बॅटरीच्या दाबाच्या जवळपास दाब मिळाला पाहिजे. या तारेचा मूळ रंग फोर्डच्या या काळातील गाड्यांत लाल व त्यावर निळी रेघ असा असतो. अर्थात पन्नास वर्षांत किती हातांनी किती रंगांच्या तारा जोडल्या असतील याचा नेम नाही. 'एस'वर दाब नसेल तर सुरक्षा-स्विच, केबिनच्या भिंतीतील जोड आणि किल्लीचा स्विच असे मागे मागे जावे. दाब आहे पण 'टक्' नाही, अशा वेळी घाईने रिले फेकू नये. या रिलेच्या वेटोळ्याचे दुसरे टोक त्याच्या बैठकीतून मडगार्डाच्या पत्र्याला मिळते, म्हणजे त्याचा 'अर्थ' बैठकीच्या दोन स्क्रूंवर अवलंबून असतो. तेथे गंज किंवा नवा रंग आला की रिले मुका होतो. 'एस' व बॅटरीचे ऋण टोक यांत बारा व्होल्ट, पण 'एस' व रिलेची बैठक यांत जवळजवळ शून्य, असे दिसले तर हाच दोष. पत्रा खरवडून स्क्रू आवळले की रिले बोलू लागतो. नुकत्याच रंगवून आणलेल्या ट्रकात हा दोष विशेष आढळतो, याचे आता नवल वाटू नये.

रिलेचे चौथे टोक 'आय' हे ठिणगीसाठी असते. इंजिन चालू असताना ठिणगीच्या कॉइलला एका रोधक तारेतून मुद्दाम कमी दाब दिला जातो. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब आधीच खाली आलेला असल्याने 'आय' तो रोध वगळून कॉइलला थेट दाब पुरवते. म्हणून इंजिन किल्ली धरून ठेवली तेवढाच वेळ चालते आणि सोडताच बंद पडते, असे झाले तर स्टार्टरकडे पाहूच नये. ती रोधक तार किंवा तिचा जोड तुटला आहे.

परतीच्या वाटेवर आणखी एक विलक्षण प्रकार घडतो. इंजिन रबरी बैठकांवर बसलेले असते आणि रबर वीज वाहत नाही. इंजिन व केबिन यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी दुरुस्तीच्या वेळी काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. बॅटरीची ऋण केबलही इंजिनाशी नीट भिडलेली नसली, तर एवढा मोठा प्रवाह सापडेल त्या वाटेने परततो : अ‍ॅक्सिलरेटरची किंवा वेगमापकाची बारीक तार, क्लचचे दांडे. अशा तारा तापून त्यांतून धूर निघतो. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची तार गरम होत असेल, तर दोष अ‍ॅक्सिलरेटरचा नाही. हरवलेली पट्टी शोधावी.

शेव्हरोले ट्रकांत व्यवस्था वेगळी आहे. तेथे दार उघडणारा सॉलेनॉइड स्टार्टरच्याच पाठीवर बसतो व दातेरी चाक ढकलण्याचे कामही तोच करतो. त्यामुळे त्याला किल्लीकडून अधिक प्रवाह लागतो, आणि एक्झॉस्ट नळीची धगही सोसावी लागते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो. वेटोळे 80 अंशांनी तापले तर रोध जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने चढतो. त्यातच किल्लीपासूनची तार जुनी झाली असेल, तर सॉलेनॉइडला ओढ पुरत नाही. असा ट्रक सकाळी मुकाट्याने सुरू होतो, लांबची मजल मारून पेट्रोल भरायला थांबला की हटून बसतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा शहाणा होतो. यावर अमेरिकेतील कारागिरांनी काढलेला तोडगा गमतीचा आहे. ते शेव्हरोलेच्या मार्गात फोर्डचा रिले बसवतात, म्हणजे किल्लीच्या जुन्या तारेवर हलके काम उरते.

1956 पूर्वीच्या फोर्ड ट्रकांना हीच पद्धती लावताना आकडे बदलावे लागतात. त्यांची बॅटरी सहा व्होल्टांची असे. निम्म्या दाबावर तेवढेच काम करून घ्यायचे म्हणजे प्रवाह दुप्पट हवा. दुप्पट प्रवाहाला त्याच रोधात दुप्पट दाब खर्चावा लागतो आणि मुळात दाब निम्माच. परिणामी तेथे केबलचा रोध चौथाई असेल तरच तेवढाच हिस्सा वाया जातो. बाजारात मिळणाऱ्या बारा व्होल्टांच्या केबली अशा ट्रकाला लावल्या, तर नवी बॅटरी व निर्दोष स्टार्टर असूनही सेल्फ रेंगाळतो. तेथे अंगठ्याएवढी जाड केबलच लागते. या ट्रकांत 'अर्थ'ला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते. तेव्हा काट्याच्या मीटरच्या दोन्ही सुया अदलाबदल करून लावाव्यात, नाहीतर काटा शून्याच्या मागे जाऊन टेकेल.